घुमटाखालची पोथी

कुठल्याही देवळात, हॉलमध्ये किंवा मंगल कार्यालयात शिरलो की मी आधी एक टाळी वाजवतो आणि गप्प उभा राहतो. ती टाळी किती वेळ मागं रेंगाळते ते ऐकायचं असतं. आजूबाजूचे लोक एकमेकांकडं बघतात, पण आता मला त्याचं काही वाटत नाही. माझा धंदाच तो आहे. सांगली-साताऱ्याकडं ज्या जागेत बोललेलं कळत नाही, तिथं जाऊन ते कळेल असं करून द्यायचं. तरुणपणी या कामाची फार हौस होती. आता हौस कमी आणि गुडघेदुखी जास्त, अशी गत आहे.

म्हसवडच्या अलीकडच्या एका गावातून फोन आला तेव्हा मी नाहीच म्हणणार होतो. विश्रामबागेतून निघायचं, विट्याच्या पुढं उन्हातान्हात जायचं, आणि तिथं कमिटीतल्या प्रत्येकाला तेच ते समजावून सांगायचं, याचा मला मनापासून कंटाळा आला होता. पण फोनवर सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार होते, देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. 'नाही' ऐकायची त्यांना सवय नव्हती.

"सायेब, घुमट झ्याक झालाय," ते म्हणाले. "पर श्रावणातल्या पोथीचा एक सबुद कळंना. तुमी येऊन इन्स्पेक्शन करा. श्रावण चालू हाय तवरच या."

गेलो. घुमट खरंच देखणा होता. सुभेदारांनी पंजाबात पोस्टिंगला असताना एका गुरुद्वाराचा घुमट बघितला होता, आणि आपल्या देवाच्या सभामंडपावर तसाच घुमट बांधायचा हे तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. आतून आभाळाचा निळा रंग, मधोमध कमळ, खाली ग्रॅनाइटची फरशी, भिंतींना छातीएवढ्या उंचीपर्यंत टाइल्स. घुमटाला चकचकीत ऑइल पेंट. आवाज मुरायला बोटभर जागा कुठं सोडलेली नव्हती. मी टाळी वाजवली. ती वर गेली, फिरली, खाली आली आणि माझा कंटाळा दुप्पट करून विरली.

वर आणखी एक घोळ गावानं स्वतःच्या हातानं करून ठेवला होता. आपल्याकडं देवळाला पंखा, घड्याळ, बाकडं द्यायचं आणि त्यावर घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव घालायचं, ही पद्धत जुनीच आहे. इथं पोथी कळत नाही म्हटल्यावर एकानं वडिलांच्या स्मरणार्थ स्पीकरची पेटी दिली. तरीही कळेना, म्हणून दुसऱ्यानं आईच्या नावानं दिली. मग चढाओढच लागली. चारही भिंतींवर पेट्याच पेट्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नाव. जितक्या पेट्या वाढल्या तितकं कळायचं कमी झालं, आणि जितकं कमी कळलं तितक्या पेट्या वाढल्या. मला हसूही आलं आणि दमल्यासारखंही झालं, कारण यातली एक पेटी काढा म्हणायची कुणाची टाप नव्हती.

त्या संध्याकाळी पोथी ऐकायला बसलो. ग्रामदैवताची ती पोथी वाचायला दोन माणसं लागतात. एक जण ओवी चालीवर म्हणतो, दुसरा थांबून तिचा अर्थ सांगतो. ओवी म्हणणारे होते आबा. ऐंशीच्या घरातले, किडकिडीत, पांढराशुभ्र फेटा, समोर लाकडी व्यासपीठावर पोथी. अर्थ सांगणारे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. एसटीत म्हणतात तसं गाव त्यांना अजून मास्तरच म्हणतं. गर्दीनं भरलेल्या गाडीत मागच्या दारापर्यंत आवाज पोचवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते माइक बाजूला सारायचे आणि एकेक वाक्य तोडून, थांबून सांगायचे, त्यामुळं त्यांचं तेवढं निम्मंशिम्मं कळायचं. आबांची चालीवरची ओवी मात्र घुमटात शिरली की तिचा नुसता हुंकार व्हायचा. लोक हात जोडून तो हुंकार ऐकत बसायचे.

घुमटातून काय ऐकू येतं ते कळलं होतं. माइकमध्ये मुळात काय जातं ते ऐकायला मी मिक्सरला हेडफोन लावला. आबांचा आवाज एकदम कानाशी आला. वय झालेला, पण गोड आवाज. ओवीत एक गुराखी होता, त्याचं वासरू डोंगरात हरवलं होतं आणि ते शोधता शोधता त्याला देव भेटत होता. मी माझी आकडेमोड विसरून ऐकत राहिलो. अलीकडं माझं असं फारसं होत नाही.

सुभेदारांनी मुक्कामाला ठेवून घेतलं, म्हणून दुसऱ्या दिवशीही बसलो. मास्तर सांगत होते की राजाची मुलगी अंथरुणाला खिळली आहे आणि वैद्य हरले आहेत. हेडफोनमध्ये मात्र आबा म्हणत होते की वासरू डोंगरात हरवलं आहे. मी हेडफोन काढला. बाहेर नुसता हुंकार आणि मास्तरांची राजकन्या. परत लावला. गुराखी डोंगर चढत होता.

मग मी आबांकडं नीट बघितलं. बोट ओळीवरून सरकत होतं, पण नजर पोथीवर नव्हतीच, ती समोरच्या खांबावर होती. मास्तर मधूनच त्यांच्या कोपराला हात लावायचे आणि आबा पान उलटायचे. सगळा गाव समोर बसला होता आणि कुणालाही काही कळत नव्हतं.

पोथी संपल्यावर मी वायरी गुंडाळत असताना आबा मास्तरांच्या खांद्याला धरून माझ्याजवळ आले. मी कानाला काहीतरी लावून बसलो होतो, हे मास्तरांनी त्यांना सांगितलं असणार.

"पाव्हणं," आबा म्हणाले, "तुमास्नी कळलं न्हवं?"

मी हो म्हणालो. खोटं तरी काय बोलणार?

"डोळ्यानं दिसत न्हाई आता. मिरजंला दावलं. नस वाळलीया म्हणत्यात, काय हुयाचं न्हाई. पयला अध्याय तेवढा पाठ हाय, त्योच म्हणतो रोज. घुमट झाला आन् मी तरलो बगा. कुणाला कळंना."

मास्तर खाली बघत होते. आबांनी त्यांच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

"रानाची वाटणी झाली. घरवाली गेली. घरात मला कोण काय इचारत न्हाई, आन् त्यांचं बी चुकत न्हाई, ज्येला त्येला कामं हायती. ह्या एका म्हैन्यात गाव मला हाताला धरून हितं बशिवतं. तेवढं ऱ्हाऊ द्या. आवाज सुधरा, पर लय साफ करू नगा."

माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर काय बोललं असतं मला माहीत नाही. मी म्हणालो, "आबा, काम घेतलंय, करावं लागंल." बोलल्यावर माझं मलाच ते कोरडं वाटलं. पण अर्धवट साफ आवाज करून देण्याची काही युक्ती माझ्याकडं नव्हती. आणि गावाला पोथी कळावी हे सुभेदारांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. घरी परत येताना गाडीत मला उगीचच बायकोचा राग येत होता, कारण हे काम घे म्हणून तिनंही आग्रह धरला होता. घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग त्या म्हाताऱ्यासाठी काहीतरी कर की. एरवी एवढी यंत्रं आणून घर भरतोस."

तिचं बोलणं लागलं, म्हणून मी एक उद्योग केला. पुढच्या उन्हाळ्यात काम सुरू झालं तेव्हा आबांसाठी कानात बसणारा एक बारीक इअरफोन घेऊन गेलो. मास्तरांनी पुढचे अध्याय मोबाइलवर वाचून ठेवायचे, आबांनी ते कानात ऐकत ऐकत चालीवर म्हणायचं, म्हणजे कुणाला पत्ता लागायचा नाही. फेट्याखाली वायर झाकून जाणार होती. मला माझ्या डोक्याचं कौतुक वाटलं. मास्तरांच्या पडवीत दुपारी आम्ही तिघं बसलो. मोबाइलमधले मास्तर पुढचा स्टॉप आल्यागत ओव्या भराभर सांगून मोकळे व्हायचे आणि आबा मागंच राहायचे. मोबाइल थांबवत थांबवत म्हणून बघितलं, तर चाल तुटायची. आबांनी पुष्कळ झटापट केली. ओवीचा पहिला चरण धरला की दुसरा निसटायचा. शेवटी त्यांनी इअरफोन काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"कानात येक बोलतंय आन् तोंडानं दुसरंच," ते म्हणाले. "न्हाई जमत. तुमी लय केलं माझ्यासाठनं."

मग मी त्यांना म्हणालो की सुभेदारांना सांगून टाकू, माणूस कडक आहे पण वाईट नाही. आबांनी मान हलवली. "सांगितल्यावर दया करत्याल. मग मी हितं कशाला बसू?" मास्तर आत जाऊन चहा टाकतो म्हणाले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

काम चालूच होतं. पेट्यांचा तिढा सुभेदारांनी त्यांच्या पद्धतीनं सोडवला. गाव जमवलं, स्वतःच्या वडिलांच्या पेटीची वायर आधी तोडली आणि म्हणाले, "नावं भिंतीवर ऱ्हातील, आवाज बंद. हाय कुनाचं ऑब्जेक्शन?" कुणाचंच नव्हतं. मी दोनच नवे उभे स्पीकर पुढच्या खांबांना लावले आणि त्यांची तोंडं लोकांकडं वळवली, घुमटाकडं नाही. घुमटाला आतून लाकडाच्या किसाचे बोर्ड ठोकले. ते आवाज पिऊन घेतात, पण त्यांच्यावर ऑइल पेंट मारला की त्यांची छिद्रं बुजतात आणि सगळं मुसळ केरात जातं. रंगारी ऑइल पेंटचाच डबा घेऊन आला होता. त्याला पातळ डिस्टेंपर मारायला लावण्यासाठी मी दोन दिवस परांचीवर त्याच्या शेजारी पहारा करत बसलो. आभाळ जरा मळकट दिसतंय अशी तक्रार कमिटीनं केली. फरशीवर जाड जाजमं आली. भिंतींच्या टाइल्सवर जागोजागी पडदे आले. त्यांचा रंग कोणता असावा यावर जी चर्चा झाली ती सांगायची माझ्यात ताकद नाही.

शेवटी एका दुपारी मी मंडपाच्या मधोमध उभा राहून टाळी वाजवली. ती वाजली आणि संपली. काम उत्तम झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी तिथंच जाजमावर बसलो आणि पाठ टेकायला खांब शोधला. कामगार आपापली हत्यारं आवरत होते. त्यांच्यातला एक जण बाहेरच्या ओट्यावर बसून तंबाखू मळता मळता काय म्हणाला, तेसुद्धा मला आत ऐकू आलं.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी मी मिक्सरवर होतो. मंडप गच्च भरला होता. आबा बसले, पाण्याचा घोट घेतला आणि पहिला अध्याय सुरू केला. पहिल्या दिवशी पहिलाच अध्याय, त्यामुळं भीती नव्हती. ओवीचा शब्द न् शब्द शेवटच्या खांबापर्यंत पोचला. वासरू हाक मारूनही येत नाही, तिथं बायका पदर डोळ्याला लावू लागल्या. कितीतरी वर्षांनी त्यांना आबांचा आवाज ऐकू येत होता. सुभेदारांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा खाली पडता पडता राहिला. "मिशन कंप्लीट!" ते म्हणाले. आबांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला बघवत नव्हता. उद्या काय होणार हे त्यांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी निघून जाऊ शकलो असतो. स्पीकरमध्ये बारीक घरघर येते असं निमित्त मीच काढलं आणि राहिलो. आबा येणार नाहीत, तब्येतीचं कारण सांगतील, असं मला वाटत होतं. ते आले. फेटा आदल्या दिवसापेक्षा नीट बांधलेला होता. बसले, पोथीला हात जोडले आणि आवाज लावला. गुराखी सकाळी उठला, गोठ्यात गेला, वासरू जाग्यावर नव्हतं.

लोक काही ओव्या नुसते ऐकत राहिले. मग पुढं बसलेली एक म्हातारी, तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, सहज शेजारणीशी बोलावं तसं म्हणाली, "आवं आबा, ही तर कालचीच की वो."

गेल्या श्रावणात हे वाक्य कुणाच्या कानापर्यंत गेलं नसतं. आता ते सगळ्यांना ऐकू गेलं. मास्तरांनी तोंड उघडलं. "काल जरा गडबडीत ऱ्हायलं हुतं, म्हणून..." ते म्हणाले. पण आबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ते थांबले.

"गडबड न्हाई," आबा म्हणाले. माइक त्यांच्या तोंडाशीच होता. "मला दिसत न्हाई. लय दिस झालं. मला येवढाच येतो."

माझं बोट बटणावर होतं, आवाज बंद करायला. पण ते बोलून मोकळे झाले होते. मंडपात कुणी खोकललंसुद्धा नाही. मला इतकं वाईट वाटलं की मान वर करवेना, आणि इतकी शांत जागा मीच करून दिली होती.

सुभेदार उठले. मला वाटलं रागावतील. ते आबांजवळ गेले, वाकले, आणि काहीतरी हळू बोलायला गेले, पण त्यांचं हळू बोलणंही सगळ्यांना ऐकू आलं. "आबा, सांगायचं की हो मला." आबांनी पोथीवरून एकदा हात फिरवला आणि मास्तरांच्या आधारानं ते पायऱ्या उतरून गेले. पोथीत खंड पडू नये म्हणून सुभेदारांनी आपल्या सुनेला बसवलं. ती शाळेत शिकवते. तिनं धडा वाचावा तसा दुसरा अध्याय वाचला. लोकांनी पूर्ण ऐकला. अर्थ सांगायला कुणी नव्हतं, आणि शब्द कळत असल्यानं फारसं कुणाचं अडलंही नाही.

मी त्या संध्याकाळीच सांगलीला परतलो. बायकोनं जेवायला वाढलं आणि काय झालं विचारलं. मी म्हणालो, आवाज चांगला झाला. नंतर मास्तरांना दोनतीनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. आबा घराबाहेरच पडत नाहीत, असं सुभेदारांकडून कळलं.

श्रावण संपत आला तेव्हा सुभेदारांनी पुन्हा बोलावलं. सुनेचा आवाज बारीक होता, तिच्यासाठी माइक नव्यानं लावून द्यायचा होता. मी गेलो, कमीजास्त करून दिलं आणि उभं राहवेना म्हणून मागच्या भिंतीशी जागा शोधत गेलो. तिथं आबा बसले होते. शेजारी मास्तर. आबा डोक्याला साधा टॉवेल गुंडाळून, भिंतीला पाठ लावून बसले होते, आणि मधे पडदा असूनही भिंतीच्या गार टाइल्सचा त्यांना त्रास होऊ नये म्हणून कुणीतरी उशी दिली होती. मास्तरांनी मला बघून मान दुसरीकडं वळवली.

सुनेला एव्हाना चाल जमू लागली होती. आजारी राजकन्येची गोष्ट मागंच संपली होती. आता पोथीत दुष्काळ पडला होता आणि गाव देव सोडून निघालं होतं.

मी आबांजवळ टेकलो. महिनाभर मनात घोळवलेलं सगळं एकदम तोंडाशी आलं. "आबा," मी म्हणालो, "माझ्यामुळं तुमचं..."

त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं.

"गप ऱ्हावा, पाव्हणं," ते पुटपुटले. "मास्तर गोष्ट सांगायचा. ओवी कवा सांगितली त्यानं? डोळं गेल्यापास्नं ह्या अध्यायाची ओवी कानावर पडलीच न्हवती माझ्या. आइकू द्या."

आबांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं. ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. मी पुन्हा बोलू नये म्हणून त्यांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.